दुर्बीण दाखवणाऱ्याला पुरस्कार कशाला?

चाळणीवाले गुरुजी

परवा 'संशोधक' यांनी इथे लिहिलं होतं, "आकाशदर्शन घडवणारी माणसं हौशी. शनीची कडी दाखवली म्हणून कोणी शास्त्रज्ञ होत नाही. पुरस्कार संशोधनाला द्या, यांना फार तर शाल-नारळ." दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं. पटावर ४२ मुलं, शाळेत आली ९. बाकीच्यांना घरच्यांनी उंबऱ्याबाहेर सोडलं नाही. मी ओट्यावर पांढरा कागद अंथरला आणि वर पिठाची चाळणी धरली. चाळणीच्या प्रत्येक भोकाखाली सूर्याची एकेक कोर उमटली. एक पोरगी पळत घरी गेली आणि आईला घेऊन आली. मग शेजारणी आल्या, आपापल्या चाळण्या घेऊन. त्यातली एक पोटुशी होती, सासूची नजर चुकवून आलेली. तिच्या मनातली भीती कुठल्या शोधनिबंधाने घालवली असती?

नारळीकर सरांना १९९६ साली युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला, तो विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठीच. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आणि उत्तर यायचं. याला शाल-नारळ पुरे?

संशोधक

गुरुजी, चाळणीचा प्रसंग आवडला. पण नारळीकरांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्यांना पद्मभूषण मिळालं १९६५ साली, वय २६. 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती १९७४ साली. म्हणजे आधी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबरचं गुरुत्वाकर्षणावरचं काम, कथा आणि व्याख्यानं नंतर. त्या कामाच्या जोरावर लोकांनी त्यांचं ऐकलं.

आणि माझंही ऐका. माझं विद्यावेतन सात महिने थकलं होतं. खोलीचं भाडं मित्राने भरलं. त्याच काळात आमच्या गावात एकाने पडद्यावर चार चित्रं दाखवली, तर त्याला व्यासपीठ, गुच्छ आणि पेपरात फोटो. राग येणारच.

रेवती

विद्यावेतन थकलं त्याचा राग थकवणाऱ्यांवर काढा की. दुर्बिणी वाहणाऱ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?

आधी संशोधन हवंच म्हणता, तर पॅट्रिक मूर यांच्याकडे विद्यापीठाची पदवीसुद्धा नव्हती. १९५७ पासून २०१२ मध्ये जाईपर्यंत हा माणूस बीबीसीवर लोकांना आकाश समजावत राहिला. १९६३ चा कलिंग पुरस्कार मिळालेले आपले जगजित सिंग रेल्वेत नोकरीला होते. आणि अमेरिकेचे कार्ल सेगन तर खरे संशोधक, टीव्हीवरून लोकांना विश्व समजावणारेही. तरी १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं नाही. १९९४ मध्ये त्याच अकादमीने लोककल्याणाचं पदक दिलं. तिथेही तुमच्याच मताची माणसं बसलेली असणार.

माझी तक्रार वेगळीच आहे. आमच्या शहरातल्या मंडळात मी बारा वर्षं काम केलं. नावनोंदणी, चहा-पोहे, मुलींच्या पालकांना फोन, सगळं माझ्याकडे. रात्री दुर्बिणीपाशी उभं राहायची वेळ आली की "ताई, तुम्हाला उशीर होईल." सत्कार झाला तेव्हा मंचावर पाच पुरुष. अमेरिकेतला क्लुम्पके-रॉबर्ट्स पुरस्कार याच कामासाठी आहे, आणि तो डोरोथिया क्लुम्पके या खगोलशास्त्रज्ञ बाईंच्या देणगीतून उभा राहिला. आपल्याकडे पुरस्कार कोणाला द्यायचा ते ठरवताना पोहे कोणी केले तेही विचारा.

मृगशीर्ष

पुरस्काराचं नंतर बघू. दाखवायला आकाश तरी उरलंय का? जुन्नर तालुक्यात आमच्या वाडीत मी लहानपणी अंगणात झोपून आकाशगंगा बघितली आहे. आजोबांना नक्षत्रांची पुस्तकी नावं येत नव्हती, पण तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, कुठवर चढलंय ते बघून ते पहाटे मोट जुंपायला उठायचे. आता चौकात हायमास्ट, उंच खांबावरचा दिवा, उभा केलाय. गेल्या दिवाळीत मुलाला कृत्तिका दाखवायला गेलो, सापडेना. गुरुजी, तुमच्या दुर्बिणीला पुरस्कार मिळेल, पण ती लावणार कुठे?

शिवनेरकर

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, आणि याच तालुक्यातला. आमच्या चौकातला हायमास्ट मीच मागून घेतला. तुम्ही दिवाळीला चार दिवस येणार, तारे बघणार, परत पुण्याला जाणार. आमच्याकडे घराला लागून ऊस आहे आणि उसात बिबट्या. मागल्या पावसाळ्यात माझ्या चुलत्याच्या गोठ्यातून कालवड नेली. पोरं क्लासवरून सात वाजता येतात, तेव्हा आई दारात उभी असते. तिला जाऊन सांगा, ताई, दिवा घालवा, आम्हाला कृत्तिका बघायच्यात.

मृगशीर्ष

दिवा घालवा असं मी कुठे म्हटलं? माझी आई अजून तिथेच एकटी राहते. बिबट्याची भीती तुम्हाला एकट्याला नाही.

शिवनेरकर

मग आईला विचारा, हायमास्ट हवा की नको. आणि उत्तर इथे लिहा.

संशोधक

मूळ मुद्दा पार हरवला. पण उजेडाचं म्हणाल तर मृगशीर्ष बरोबर आहेत. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश जास्त असतो आणि तो हवेत जास्त विखुरतो, म्हणून सगळं आकाशच पांढुरकं दिसतं.

चाळणीवाले गुरुजी

शिवनेरकर, तुमच्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. मीही याच भागात नोकरी केली, संध्याकाळी सायकलवरून येताना घुंगराची काठी आपटत यायचो. पण नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाकडे बघा. तिथे वाघ आहेत, गावंही आहेत. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा इथले रस्त्यावरचे दिवे काढून खाली तोंड असलेले बसवले. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपणाऱ्या उद्यानाचा, दर्जा मिळाला, भारतातला पहिला. गाव अंधारात ठेवलेलं नाही. उजेड जमिनीवर पडतो, जिथे बिबट्या चालतो. तुमच्या हायमास्टचे दिवे तिरके लावलेत, त्यातला किती उजेड देवळाच्या कळसावरून वर जातो ते एकदा लांबून, माळावरून बघा.

लडाखला हानलेमध्ये तर गावातल्याच तरुण मुलामुलींना दुर्बिणी देऊन शिकवलं. पाहुण्यांना आकाश दाखवून त्यांना चार पैसे मिळतात. सन्मान म्हणतो तो मला असा हवा आहे. माझ्या गळ्यात हार नको.

रेवती

संशोधकांनी माझ्या मुद्द्याला अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही स्वतः खगोलशास्त्राकडे वळलात कसे?

संशोधक

सांगतो. सातवीत असताना बाबांनी विज्ञान दिनाला खोडदला नेलं होतं, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला. तिथल्या एका काकांनी ४५ मीटर व्यासाच्या त्या अँटेनाखाली उभं करून अर्धा तास समजावलं. काकांचं नाव मला माहीत नाही. झालं समाधान? अशा माणसाला पुरस्कार मिळाला तर मी आड येणार नाही. पण संशोधकांचं वेतन थकवून त्या पैशातून सोहळे नकोत, यावरून मी हटणार नाही.

रेवती

त्यावर वाद नाहीच. पण हे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं.

शिवनेरकर

काल रात्री पोराला घेऊन माळावर गेलो होतो. कळसावर उजेड जातो हे खरं आहे. दिव्यांचं कडं विंचने खाली घेता येतं, तिरके दिवे सरळ करायला वायरमनला सांगतो. उजेड वर जाऊ नये म्हणून दिव्यांना टोप्या बसवायच्या तर खर्च कोणी करायचा ते मृगशीर्ष यांनी सांगावं. दिवा बंद मात्र होणार नाही. गुरुजी, येत्या अवसेला दुर्बीण घेऊन या. शाळेमागे अंधार आहे, सोबतीला चार माणसं काठ्या घेऊन उभी करतो.

मृगशीर्ष

टोप्यांचे पैसे मी देतो. आईला विचारलं. ती म्हणाली, दिवा राहू दे, पण माझ्या खिडकीवर येतो तेवढा वळवा.