मदत हवी आहे : बाबा बोलत नाहीत, पण भजन म्हणतात

मानेवाडा_कन्या :
कोणीतरी लवकर सांगा. बाबांच्या तोंडून "ते... ते..." एवढंच निघतं. काल आईनं भजन सुरू केलं तर त्यांनी अख्खं कडवं म्हटलं, शब्दांसकट! लगेच विचारलं, पाणी हवं का? पुन्हा "ते... ते..." भाऊ म्हणतो मुद्दाम करतात. काऊन असं होऊन राहिलं?

हिंगणा_रोड :
ताई, आधी झालं काय ते तर सांगा. पडले का? कधीपासून?

मानेवाडा_कन्या :
लकवा. तीन आठवडे झाले. उजवा हात उचलत नाही. परवाच घरी आणलं.

बजाजनगरचा :
उजवं अंग डावा मेंदू चालवतो, म्हणजे मार डाव्या मेंदूला. डावा हिशेबी, उजवा कलावंत, म्हणून गाणं वाचलं. डाव्या हातानं चित्रं काढायला लावा.

निवृत्त_सिस्टर :
भाऊ, अशी सरळ वाटणी नसते हो. गाण्याला दोन्ही बाजू लागतात, म्हणूनच पाठ असलेलं भजन निघतं. बोलणं मात्र बहुतेकांचं डावीकडे. शब्द जुळवणारा ब्रोका भाग डाव्या कपाळामागे, ऐकलेलं समजून घेणारा वर्निके भाग डाव्या कानाच्या वर, मागच्या अंगाला. १८६१ मध्ये पॅरिसला डॉ. ब्रोकांचा एक रुग्ण होता, काहीही विचारा, उत्तर "टॅन". पण समजायचं बरंच. ताई, हातानं खूण न करता बाबांना म्हणा, डोळे मिटा.

गोकुळपेठ_काका :
विसरत असतील तर हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, तपासा. माझे सासरे चष्मा कुठं ठेवला तेच विसरायचे.

हिंगणा_रोड :
काका, विसरण्याचा विषयच नाही जी. ताई, धंतोलीतल्या दवाखान्यात दाखवणार असाल तर ऑटोनं जा, गाडी लावायला जागा मिळत नाही.

मानेवाडा_कन्या :
मिटले! "खिडकीकडे बघा" म्हटलं, तिकडंही पाहिलं!

निवृत्त_सिस्टर :
म्हणजे बरंच समजतंय. भावाला सांगा, हा हट्ट नाही. शब्द आत आहेत, बाहेर येत नाहीत. त्यांच्यासमोर असं बोलू नका, ऐकू येतं त्यांना. स्पीच थेरपिस्ट गाठा. छोटी वाक्यं सुरात म्हणायची, डाव्या हातानं ताल धरायचा, अशी एक पद्धत असते. चहा-पाणी पिताना ठसका लागतो का?

मानेवाडा_कन्या :
चहाला रोज लागतो. त्याचं काय?

निवृत्त_सिस्टर :
तेच आधी सांगायचं ना बाई! गिळण्यावरही परिणाम झालेला असू शकतो. चहा फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. तपासेपर्यंत तोंडानं काही देऊ नका. आत्ताच डॉक्टरांना फोन करा.

मानेवाडा_कन्या :
केला. लगेच या म्हणाले. भावाला सगळं वाचून दाखवलं, तोच गाडी काढतोय.