‘मूळ’ की ‘अविभाज्य’? २,१४,७४,८३,६४७ च्या निमित्ताने

एका लेखाचं मराठी करतोय. विषय आहे २,१४,७४,८३,६४७ ही संख्या, म्हणजे दोनचा एकतिसावा घात वजा एक. १ आणि ती स्वतः, याखेरीज तिला विभाजक नाही. शाळेत आपण ‘मूळ संख्या’ शिकलो, पण पुढच्याच ओळीत ‘वर्गमूळ’ येतं आणि दोन ‘मूळ’ एकमेकांना अडखळतात. ‘अविभाज्य संख्या’ लिहू का? ऐकताक्षणी अर्थ कळतो.

~

‘मूळ’च ठेवा, अशी माझी आग्रहाची विनंती. ‘अविभाज्य’ आपण रोज वापरतो तो ‘अविभाज्य भाग’ असा, म्हणजे कशापासून तरी वेगळा न होणारा. इथे तो अर्थ नाही. शिवाय हा शब्द संख्या काय नाही एवढंच सांगतो. ‘मूळ’ सांगतो की बाकीच्या संख्या हिच्यापासून होतात: १२ म्हणजे २ × २ × ३, आणि हे मूळ अवयव एकाच तऱ्हेने निघतात.

दोन ‘मूळ’ समोरासमोर येतात हे खरं, पण व्याकरण त्यांना वेगळं ठेवतं. ‘वर्गमूळ’ हे नाम, म्हणून ते बदलतं: वर्गमुळाचा, वर्गमुळापर्यंत. ‘मूळ संख्या’मधलं ‘मूळ’ विशेषण, ते ‘मूळ गावी’सारखं जसंच्या तसं राहतं: मूळ संख्येचा, मूळ संख्यांनी. तुमच्याच संख्येवर लावून बघा. ४६,३४० चा वर्ग २,१४,७३,९५,६०० होतो, ४६,३४१ चा वर्ग तिच्या पुढे जातो. मग वाक्य असं: ‘तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरतं.’ कारण एक विभाजक वर्गमुळाहून मोठा असेल, तर त्याचा जोडीदार लहान असणारच. वाचताना कुठे अडलं?

लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये ती मूळ असल्याचं दाखवलं, तेव्हा एवढ्या सगळ्या संख्यांनीही भागावं लागलं नाही. तिला विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ उरली पाहिजे, हे त्याने आधी सिद्ध केलं आणि काम शेकड्यांवर आणलं. कागद-लेखणीच्या काळातलं हे काम वाचलं की आजही मला भरून येतं.

~

लेखात ‘सहमूळ’ आणि ‘जोडमूळ’ येत असतील तर जपून. ती २,१४,७४,८३,६४८ शी सहमूळ आहे, कारण दोघींचा सामाईक विभाजक फक्त १. दुसरी मूळ असण्याची गरज नाही. ती तर नुसती दोनांचीच बनलेली आहे.

जोडमूळ, म्हणजे दोनच्या अंतरावरच्या दोन मूळ संख्यांपैकी एक, मात्र ती नाही. दोनने मागे गेलं की शेवटी ५ येतो, म्हणजे ५ ने भाग जातो. दोनने पुढे २,१४,७४,८३,६४९; अंकांची बेरीज ४८, म्हणजे ३ ने भाग जातो.

~

‘मूळ’ ठरलं. मसुद्यात मी ‘वर्गमूळापर्यंत’ असं दीर्घ लिहिलं होतं, तेही आत्ताच ऱ्हस्व केलं.