वडिलांच्या ट्रंकेतील तबकड्या आणि चार आण्यांचे नाणे

माळकरी_७८ (प्रश्न):
वडील गेल्या चैत्रात वारले आणि माळ्यावरची त्यांची पत्र्याची ट्रंक आता माझ्याकडे आली आहे. तिच्यात ग्रामोफोनच्या ४६ तबकड्या आहेत. त्यांपैकी वीसेक जाड, जड आणि काठाला टवके उडालेल्या आहेत, बाकीच्या एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या) असून काहींच्या वेष्टनांवर पावसाळ्याची बुरशी चढली आहे. ऐकण्यासाठी बॅगेसारखा बंद होणारा एक स्वस्त प्लेअर घेतला. दर रविवारी दाढी आटोपली की वडील टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, डोक्यावर चार आण्यांचे नाणे चिकटपट्टीने बसवत आणि मगच गाणे सुरू होई, त्यामुळे नाण्यावाचून तबकडी वाजतच नाही अशी आम्हा भावंडांची पक्की समजूत होती. त्यांची सर्वांत आवडती एलपी आता वरच्या स्वरांना चिरकते. दोष यंत्राचा की तबकडीचा? आणि हे सगळे स्वच्छ कसे करावे?

सुईदोरा:
दोष बहुधा नाण्याचा आहे. एलपीच्या बारीक खाचेवर चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) भार साधारण दोन ग्रॅम असावा लागतो. त्यावर नाणे ठेवले की सुई उडत नाही हे खरे, पण ती खाचेच्या भिंती घासत जाते आणि आधी तार स्वर जातात. झालेली झीज भरून येत नाही. बॅगवजा प्लेअरची सुईही बरीच जड असते, म्हणून उरलेल्या एलपी त्यावर वारंवार लावू नयेत.

जाड तबकड्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या असणार. त्यांना स्पिरिट मुळीच लावू नका, कारण त्यात लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब घालून, लेबल कोरडे राखून, मऊ फडक्याने खाचेच्या दिशेने पुसावे आणि लगेच टिपून घ्यावे. त्यांची खाच एलपीच्या सुमारे तिप्पट रुंद असते, तेव्हा सुईही वेगळी हवी. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर ऐकू येते. दोन्ही प्रकारच्या तबकड्या उभ्या ठेवा. एकावर एक रचलेली लाखेची चळत खालून तडकते.

चावीवाला_आजोबा:
आमच्या घरी चावीचा फोनो होता आणि चावी भरण्याचे काम माझ्याकडे असे. स्प्रिंग उतरू लागली की गाणारी बाई हळूहळू पुरुषी आवाजात गाऊ लागे, मग माजघरातून हाक येई, ‘‘अरे, चावी दे!’’ पोलादी पिन खरे तर प्रत्येक बाजूला बदलायची, पण आम्ही एकाच पिनेवर पाच-सहा गाणी काढत असू, आणि त्या काटकसरीचे फळ त्या तबकड्यांतून आजही ऐकू येते.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. नाट्यगृहात वन्समोअर घेत घेत पद अर्धा तास रंगवणाऱ्या बालगंधर्वांनाही ध्वनिमुद्रणात तेवढ्यातच सारे बसवावे लागे. गौहरजान यांच्यासारख्या जुन्या गायिका तर शेवटी इंग्रजीत स्वतःचे नावही सांगत. मला ही सक्ती उपकारकच वाटते, कारण तिथे पाल्हाळाला जागाच नव्हती. पुण्याच्या जुन्या बाजारात अशा तबकड्या मी वर्षानुवर्षे चाळल्या. आपल्या ट्रंकेतील लेबलांवर रंगाने काही लिहिले आहे का, ते पाहावे. लग्नाला लाउडस्पीकर भाड्याने देणारे तबकडी चोरीस जाऊ नये म्हणून तिच्यावर आपले नाव रंगवत.

माळकरी_७८:
दोघांचेही आभार. तीन लेबलांवर खरोखरच पांढऱ्या ऑइलपेंटची अक्षरे निघाली, आणि आईने ती पाहताच आमच्या मांडववाल्या चुलत आजोबांचे नाव घेतले. नाण्याचा खुलासाही तिनेच केला. तिच्या हातून फडका मारताना एकाच एलपीवर ओरखडा उठला होता आणि सुई तिथे अडू लागली, म्हणून वडिलांनी नाणे आणले, ते पुढे सगळ्याच तबकड्यांना लागू झाले. ‘‘मला बोलले काही नाहीत,’’ ती म्हणाली, ‘‘पण नाणंही कधी काढलं नाही.’’ ते नाणे ट्रंकेच्या झाकणातील कप्प्यात वाळलेल्या चिकटपट्टीसह सापडले. आता एकच विचारतो: हलक्या सुईवर ओरखड्याची ती जागा पार होईल का?

सुईदोरा:
प्रयत्न करता येईल. ॲंटिस्केटिंग (सुईची आत सरकण्याची ओढ तोलणारी सोय) थोडे कमी-जास्त करून पाहा, पण त्यासाठी आधी प्लेअर बदलावा लागेल.