निळसर मुंगी सापडली, नवी प्रजाती असेल का?

कुतूहल_०७:
काल कुजक्या ओंडक्याची साल उचकटली, तर खाली ही. पट्टीवर मोजली, जवळजवळ ८ मिमी. फोटोत पाठ निळसर चमकतेय. अरुणाचलात 'नीला' नावाची निळी मुंगी सापडल्याचं वाचलं होतं. ही तीच का? की कुणी न नोंदवलेली वेगळीच? हसू नका.

भिंगवाला:
हसत नाही, माझीही सुरुवात अशीच झाली. पण ही नीला नव्हे. पॅरापॅराट्रेकिना नीला २ मिमीपेक्षाही लहान, तुमची तिच्या चौपट. ती सियांग खोऱ्यात यिंगकू गावाजवळ मिळाली, झाडाच्या ढोलीत, जमिनीपासून दहाएक फुटांवर. वर्णन २०२४ मध्ये 'झूकीज' या प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलं. डोकं त्रिकोणी, डोळे मोठे, जबड्याला पाच दात. स्पर्शिका, जबडे आणि पाय सोडले तर सगळं अंग धातूसारखं निळं.

तुम्ही फ्लॅश मारलाय. गुळगुळीत काळ्या पाठीवर तो पडला की साधा मुंगळाही निळा दिसतो. खिडकीच्या उजेडात पुन्हा काढा: वरून, बाजूनं आणि समोरून चेहऱ्याचा. आत्ता कंबर पायांमागे लपलीय, आणि मी आधी कंबरच बघतो. एक गाठ की दोन?

गंमत म्हणजे नीलाला नाव मिळालं रंगावरून, पण तिच्या वंशाची खूण आहे केसांत. छातीच्या मागच्या उतारावर उभ्या केसांची एक जोडी. जवळच्या नायलँडेरिया वंशात ती नसते. एवढ्याशा मुंगीच्या पाठीवरचे दोन केस!

पानगळ:
म्हणजे रंग बघायचाच नाही?

भिंगवाला:
बघा, पण सगळ्यात शेवटी. कोशातून नुकतीच निघालेली मुंगी फिकी असते, अल्कोहोलमध्ये ठेवलेलीचा रंगही हळूहळू उतरतो. आकारही फसवतो. एकदा एका कुपीत मोठ्या डोक्याच्या आणि दुसरीत लहान डोक्याच्या मुंग्या ठेवून, दोन प्रजाती समजून, मी महिनाभर चित्रं काढत बसलो. मग त्याच वारुळाच्या तोंडाशी मधल्या मापाच्या दिसल्या. सगळ्या एकाच आईच्या लेकी! त्यामुळे एकटीदुकटी मुंगी आणून काही ठरवू नका, एकाच वारुळातल्या पाचसहा तरी हव्यात.

'नवी' म्हणायला तर आजवर वर्णन झालेल्या सगळ्या भाऊबंदांशी ताडून बघावं लागतं. डोक्याची लांबी-रुंदी, स्पर्शिकेचा पहिला लांब भाग, दात, केस, सगळं मोजायचं. मग वर्णन छापायचं आणि त्यातली एक मुंगी होलोटाइप म्हणून संग्रहात ठेवायची. पुढे वाद झाला तर निवाडा तिच्याकडे बघूनच.

कुतूहल_०७:
खिडकीशी फोटो काढले. पाठ चक्क काळी. कंबरेला एकच गाठ.

भिंगवाला:
छान. आता पोटाच्या टोकाला भिंग लावा. बारीक गोल छिद्र आणि भोवती केसांची झालर दिसली, तर ती डंख मारणारी नाही, तिथून फॉर्मिक आम्ल फवारते. मग बाजूनं छातीची कमान बघा. मध्ये खाच न पडता अखंड गोलाई असेल आणि स्पर्शिका तोंडाच्या काठापासून बऱ्याच मागे उगवल्या असतील, तर माझा कौल कॅम्पोनोटसला, म्हणजे मुंगळ्यांच्या वंशाला. चेहऱ्याचा फोटो अजून हललेलाच आहे, तो तेवढा पुन्हा काढा.