कोलकात्याची चिनी वस्ती एका दिवसात?

प्रश्न: नागपूरहून कॉलेजची २५ पोरं नेतोय. तिथल्या दोन चिनी वस्त्यांपैकी टिरेटा बाजार की टांगरा? काही शाकाहारी आहेत.

उत्तर १: दोन्ही, पण रविवारीच. शुक्रवारी संध्याकाळी गीतांजली एक्सप्रेस पकडा, शनिवारी दुपारी हावडा. टिरेटा बाजारात ठेल्यांवर चिनी नाश्ता मिळतो, त्यासाठी रविवारी पोद्दार कोर्टाजवळ सकाळी ६ला हजर राहा. साडेआठनंतर रिकामी भांडीच दिसतील. सुटे पैसे ठेवा. सगळे एकाच ठेल्यापुढे थांबले की रस्ता अडतो, म्हणून पाच-पाचचे गट करा.

उत्तर २: भाऊ, शाकाहाऱ्यांना नाश्ता करूनच न्या. बाओ (सारण भरलेले वाफवलेले पाव), मोमो, सूप, बहुतेकांत डुक्कर, कोंबडी नाहीतर मासळी. नंतर जवळच्या सी इप मंदिरात क्वानयिन देवी बघा.

उत्तर ३: टांगरा दुपारी. जुने चामड्याचे कारखाने, आता हॉटेलं. चिनी काली मंदिर चुकवू नका, तिथे नूडल्सचा नैवेद्य असतो!