बार्सिलोनात परवडणारं अपार्टमेंट: शोधायचं की नाद सोडायचा?

पायपीट (धागाकर्ता)

उन्हाळ्यात बार्सिलोनाला निघालेले ओळखीतले बरेच जण सध्या एकच प्रश्न विचारताहेत: मध्यवर्ती भागात, स्वयंपाकघर असलेलं, खिशाला झेपेल असं अपार्टमेंट कुठे मिळेल? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो. पटलं नाही तर भांडा.

माझं म्हणणं असं की शहराच्या आत, कायदेशीर आणि स्वस्त असं तिन्ही एका अपार्टमेंटमध्ये आता मिळत नाही. दोन गोष्टी मिळतील. तिसरीचा हट्ट धरलात की गंडलात.

कारण साधं आहे. पर्यटकांना घर भाड्याने द्यायला तिथे परवाना लागतो आणि नवे परवाने २०१४ पासून जवळजवळ बंद आहेत. २०१७ मध्ये महापालिकेने पर्यटक निवासाचा आराखडा करून त्यावर शिक्काच मारला. आता परवानाधारक घरं आहेत १०,१०१. जून २०२४ मध्ये महापौर जाउमे कोलबोनी यांनी जाहीर केलं की नोव्हेंबर २०२८ नंतर यातल्या एकाही घराच्या परवान्याचं नूतनीकरण होणार नाही. माल ठरलेला, गिऱ्हाईक वाढतंय, मग भाव कसा उतरेल? पूर्वी कुणाच्या तरी घरातली एक खोली स्वस्तात मिळायची. ३१ दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी तशी खोली देण्यावर २०२१ मध्ये बंदी आली, तोही मार्ग गेला.

वर पर्यटक कर. ऑक्टोबर २०२४ पासून महापालिकेचा अधिभार माणशी रात्रीला ४ युरो झाला, त्यावर अपार्टमेंटसाठी कातालोनिया प्रांताचे २.२५ होते. म्हणजे चार प्रौढ पाच रात्री राहिले की त्या दराने १२५ युरो नुसता कर. तीन तारे किंवा त्याखालच्या हॉटेलात हाच हिशेब माणशी ५ युरोंवर थांबत होता. हा कर वाढतच आलाय, त्यामुळे बुक करताना ताजा दर बघा. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ आहे आणि सात रात्रींच्या पुढे लागत नाही.

तेव्हा दोघंच असाल तर सरळ हॉटेल किंवा साधं पेन्शन (तिकडचं छोटं लॉज) घ्या. चौघं किंवा जास्त असाल तर परवान्याचं अपार्टमेंट घ्या, पण शहराला चिकटलेल्या ल'ओस्पितालेत किंवा बादालोनामध्ये. मेट्रो दोन्हीकडे जाते.

चिमणी

पायपीटदादा, आकडेमोड मान्य, निष्कर्ष अमान्य. दोन लहान मुलं आणि सासू-सासरे घेऊन हॉटेलात राहून दाखवा. दोन खोल्या घ्याव्या लागतात, त्याही शेजारी-शेजारी मिळतील याची खात्री नाही. मुलं दुपारी झोपली की मोठ्यांनी बाथरूममध्ये बसून कुजबुजायचं का? अपार्टमेंटमध्ये कपडे धुवायचं यंत्र असतं, बसायची वेगळी खोली असते.

आणि स्वस्त घर मिळत नसलं तरी स्वस्त आठवडा मिळतो. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला मोबाइल वर्ल्ड काँग्रेस हे मोबाइल उद्योगाचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा याच घराचे भाव बघून डोळे पांढरे होतात. जूनच्या सुरुवातीला प्रिमावेरा साउंड हा संगीत महोत्सव असतो, तेव्हाही तेच. त्याच घराचे नोव्हेंबरच्या मधले किंवा जानेवारीत सणवार आटोपल्यानंतरचे दर लावून बघा. आपण तारखा आधी ठरवतो आणि मग घराला दोष देतो.

दुसरं म्हणजे साफसफाईचे पैसे एकदाच लागतात, तीन रात्री राहा नाहीतर आठ. म्हणून तीन रात्रींना अपार्टमेंट महाग आणि आठवड्याला परवडतं. रात्रीचा दर बघूच नये. शेवटचा एकूण आकडा घ्यावा, कर मिळवावा, माणसांनी भागावं आणि रात्रींनी भागावं. हा भागाकार केला की यादीत वर दिसणारी निम्मी 'स्वस्त' घरं आपोआप खाली जातात.

अवांतर: शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो म्हणून लोक घाईघाईने पैसे परत न मिळणारं बुकिंग करतात. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

उंबरठा

मी याच शहरात राहते, एइशाम्पलेमध्ये. पर्यटकांच्या घरांची सगळ्यात दाट वस्ती आमच्या भागात आहे. इथवरची चर्चा वाचताना वाटलं की भिंतीपलीकडे कुणी राहतं हे कुणाच्या लक्षातच नाही.

आमच्या जिन्यात रात्री दीड वाजता चाकाच्या बॅगा पायरी-पायरीवर आपटत वर जातात. मग कुणीतरी चुकून आमचीच बेल दाबतं. बिचाऱ्यांचा दोष नसतो, किल्ली खालच्या कठड्याला लावलेल्या आकड्यांच्या कुलपाच्या डबीत असते आणि घरमालकाचं तोंड त्यांनीही पाहिलेलं नसतं. पण हे आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी नवी माणसं.

महापौरांनी घोषणा करताना सांगितलं होतं की दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली. माझ्या ओळखीची शिक्षक मंडळी शहराबाहेर गेली. जुलै २०२४ मध्ये मोर्चेकऱ्यांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, तो फोटो जगभर गेला. तो राग एका दिवसाचा नव्हता. बार्सेलोनेता भागात २०१४ पासून याच घरांवरून लोक रस्त्यावर येताहेत.

आणखी एक मासला सांगते. ग्वेल पार्कजवळून जाणारी ११६ नंबरची छोटी बस आहे. चढावरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना तिचाच आधार. पर्यटकांनी ती इतकी भरायला लागली की महापालिकेने २०२४ मध्ये ती नकाशांच्या अॅपवरून काढून टाकायला लावली!

हॉटेलात राहा. घरासारखंच हवं असेल तर संपूर्ण इमारतच पर्यटकांसाठी असते, तिथे घ्या. अपार्टहोटेल म्हणतात त्यांना. त्यांचा परवाना वेगळा, २०२८ च्या निर्णयात ते येत नाहीत, आणि तिथे वरच्या मजल्यावर कुणाची आजी झोपलेली नसते.

तिरकस

उंबरठाताई, तुमच्या झोपेबद्दल सहानुभूती आहे, तर्काबद्दल नाही. शहरातल्या एकूण घरांत ही दहा हजार घरं म्हणजे जेमतेम एक-दीड टक्का. तेवढी रिकामी केली की भाडी उतरतील? न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नियम आवळले. तीस दिवसांखालच्या मुक्कामाला घरमालक स्वतः घरात हजर हवा आणि पाहुणे दोनच. हजारो जाहिराती एका झटक्यात गेल्या. घरभाडी काही खाली आली नाहीत. हॉटेलवाल्यांचं मात्र भलं झालं.

बार्सिलोनातही तेच होणार. २०२८ नंतर चिमणीताईंसारखी पाच-सहा जणांची कुटुंबं तीन-तीन खोल्या घेतील. घरटंचाईचं मूळ नवी घरं न बांधण्यात आणि सरकारी मालकीची भाड्याची घरं नगण्य असण्यात आहे. पण पर्यटकाला मत नसतं, म्हणून त्याच्यावर ढकलणं सोपं.

उंबरठा

@तिरकस, टक्का शहरभर सारखा पसरलेला असता तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं. तो काही मोजक्या रस्त्यांवर साचलाय. एकाच इमारतीत चार-चार परवाने असतात. तिथे राहिलेल्या भाडेकरूचा करार संपतो तेव्हा मालकाच्या डोळ्यांसमोर पर्यटकांचा दर असतो, तुमचा एक-दीड टक्का नसतो. नवी घरं बांधायला हवीत हे बरोबर, पण ती उभी राहायला वर्षं लागतात. उभी असलेली घरं उद्या मिळू शकतात. आणि हा काही महापौरांचा हट्ट नाही. कातालोनियाच्या ज्या कायद्यावर हे सगळं उभं आहे तो स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये वैध ठरवलाय.

पायपीट यांनी ल'ओस्पितालेत सुचवलंय, त्याबद्दलही. युरोपातल्या सगळ्यात दाटीवाटीच्या शहरांत ते मोडतं. तिथली माणसं बार्सिलोना परवडत नाही म्हणून गेलेली आहेत. आता पर्यटकांनाही तिकडेच पाठवताय?

बेलाशक

एवढं काय परवान्याचं? पर्यटकाला कुणी दंड करत नाही, होतो तो मालकाला. मला स्वस्त मिळतंय, फोटो चांगले आहेत, प्रतिसाद चांगले आहेत. मी घेणार. नैतिकता वगैरे ज्यांना परवडते त्यांनी पाळावी.

पायपीट

बेलाशक, दंड तुम्हाला होत नाही हे खरं. पण रस्त्यावर तुम्ही येता. माझ्या एका मित्राचं बिनपरवान्याचं घर निघायच्या आदल्या आठवड्यात रद्द झालं. जाहिरातच गायब. पैसे परत मिळाले, नाही असं नाही. पण तोवर त्या तारखांना उरलेल्या हॉटेलांचे दर दुप्पट झाले होते आणि फरक कुणी दिला नाही.

हे आता वाढणार आहे. स्पेनने मे २०२५ मध्ये एअरबीएनबीला ६५ हजारांवर जाहिराती काढायला सांगितल्या. परवाना क्रमांक नाही किंवा चुकीचा आहे, हीच त्यातली मुख्य तक्रार. १ जुलै २०२५ पासून अशा घरांना राष्ट्रीय नोंदणी क्रमांकही बंधनकारक झाला. तेव्हा आज दिसणारं घर तुमच्या तारखेपर्यंत टिकेल का, हा रोकडा व्यवहाराचा प्रश्न आहे. नैतिकता बाजूला ठेवा हवं तर.

तपासायला अवघड नाही. जाहिरातीत एचयूटीबीने (HUTB) सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. नुसता असून भागत नाही, कारण दुसऱ्याचा क्रमांक चिकटवणारेही आहेत. महापालिकेच्या संकेतस्थळावर परवाना खरा आहे का ते बघता येतं. तिथला पत्ता आणि जाहिरातीतला भाग जुळला नाही तर पुढे जा. आणि कुणी 'संकेतस्थळाबाहेर बँकेत पैसे भरा, सूट देतो' म्हणालं तर तिथेच रामराम.

उंबरठाताई, ल'ओस्पितालेतबद्दलचा तुमचा टोला लागला. पण कायदेशीर परवान्याच्या घरात कुणी उतरलं तर तो गुन्हा आहे असं मी मानणार नाही. परवाने किती द्यायचे ते तिथल्या लोकांनी ठरवावं.

चिमणी

बेलाशक, प्रतिसाद चांगले असण्यावर फार विसंबू नका. प्रतिसादांत घर स्वच्छ होतं एवढंच कळतं, खिडकी कुठे उघडते ते लिहीत नाहीत. तिकडच्या जुन्या इमारतींत मधोमध हवा-उजेडासाठी विहिरीसारखी मोकळी जागा असते आणि आतल्या खोल्यांच्या खिडक्या तिच्यात उघडतात. फोटोत पडदा दिसतो, भरदुपारी दिवा लावून बसायचं हे तिथे गेल्यावर कळतं. फोटोतल्या खिडकीबाहेर काहीच दिसत नसेल तर विचारून घ्या.

आणि मालकाने पासपोर्टची माहिती मागितली तर दचकू नका. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं त्याला बंधनकारक आहे. फक्त ती बुकिंग झाल्यावर आणि संकेतस्थळावरूनच द्या.

पायपीटदादा, बादालोना-ओस्पितालेतला माझाही विरोध, पण वेगळ्या कारणासाठी. रविवार ते गुरुवार मेट्रो मध्यरात्री बंद होते. शुक्रवारी रात्री दोनपर्यंत, शनिवारी रात्रभर. जेवणं तिकडे रात्री नऊच्या पुढे सुरू होतात. म्हणजे रोज संध्याकाळी घड्याळाकडे बघत जेवायचं, किंवा रात्रीच्या बसची वाट बघत झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन उभं राहायचं. एखाद-दोनदा टॅक्सी केली की वाचवलेले पैसे गेलेच.

तिरकस

चिमणीताई, दंडवत. या धाग्यात कामाचं तेवढं तुम्हीच लिहिताय.

पण पायपीट, तुमचा 'दोघं असाल तर हॉटेल' हा नियम आठवड्याच्या वर कोसळतो. दोन आठवडे हॉटेलच्या खोलीत राहून बघा, पलंग आणि बॅग यांच्यामध्ये उभं राहायलाही जागा नसते.

निवांत

वाचनमात्र होतो, एक प्रश्न आहे. सान्त आन्तोनी बाजाराजवळ परवाना क्रमांक असलेलं घर सापडलंय, दर बरा आहे. 'तिसरा मजला, लिफ्ट नाही' असं लिहिलंय. सोबत सत्तरीचे आई-वडील आहेत. तीन मजले ते चढतील, हळूहळू. घेऊ का?

उंबरठा

@निवांत, मालकाला आधी पायऱ्या किती आहेत ते विचारा. इकडच्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर 'एन्त्रेसोल' नावाचा मजला असतो, त्याच्यावर 'प्रिन्सिपाल', आणि मग कुठे 'पहिला' सुरू होतो. सगळ्याच इमारतींत दोन्ही असतात असं नाही, पण असले तर तुमचा तिसरा मजला मोजून पाचवा निघेल. छतंही उंच असतात, त्यामुळे एकेका मजल्याला पायऱ्या जास्त. मालक 'थोड्याच आहेत' म्हणाला तर घेऊ नका, आकडा घ्या.

निवांत

मालकाचं उत्तर आलं. ९४.

बेलाशक

दर किती आहे? तुम्ही घेत नसाल तर दुवा मला पाठवा.