अभियंत्याच्या आठवणीसाठी शाळेत फलक लावायचा आहे, काय सांभाळावे?

पडवी: गावचे निवृत्त अभियंते गेल्या आठवड्यात वारले. इगर्जीच्या (चर्चच्या) छपराची दुरुस्ती असो की हायस्कुलाच्या नव्या खोल्यांचा आराखडा, कधी पैसा घेतला नाही. घरच्यांची संमती आहे, वर्गणी ५०,००० जमली. शाळेच्या दर्शनी भिंतीवर ग्रॅनाइटचा फलक बसवायचा आहे. भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची), वर गिलावा.

चिरेबंदी: दर्शनी भिंत विसरा, व्हरांड्यात लावा. चिरा पाणी पितो आणि पावसात गिलावा फुगतो. त्यावर नुसता चिकटवलेला दगड गिलाव्यासकट खाली येतो. ४५ बाय ६० सेंमी, १८ मिमी जाडीचा ग्रॅनाइट १३ किलो भरतो. प्लास्टिकचा प्लग चिऱ्यात फिरत राहतो, कारण भोकाची कड भुरभुरते. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, भोक साफ करा, जाळीच्या नळीत रेझिन (कडक होणारा चिकट पदार्थ) भरून ३१६ दर्जाच्या, सहसा न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे ८ मिमीचे दांडे बसवा. जाळी नसेल तर रेझिन चिऱ्याच्या पोकळ्यांत जिरते. फलकाची भोके १० मिमीची, अक्षरे कोरण्याआधीच पाडून घ्या. फलक आणि भिंतीमध्ये १० मिमीची फट हवी. काम दसऱ्यानंतर, भिंत सुकल्यावर.

फलक इगर्जीवर लावायचे कोणी सुचवले तरी तिच्या भिंतीला, गिलाव्याला हात लावू नका. उघड्या चिऱ्याची झीज जुन्या गोव्यातल्या बॉम जेझसच्या बॅसिलिकेवर (मोठ्या चर्चवर) दिसतेच. तिचा गिलावा १९५०च्या दशकात उतरवला होता.

ठेवपावती: सगळे पैसे दगडात घालू नका. ४०,००० मुदत ठेवीत टाकले आणि ६.५ टक्के व्याज धरले तर वर्षाला २,६०० रुपयांचे बक्षीस होते. ठेव संस्थेच्या नावे, हेडमास्तरांच्या नव्हे. ते निवृत्त झाले की सही अडते. व्याज दरवर्षी खात्यात येणारे निवडा, नाहीतर बक्षीस समारंभाला पैसे ठेवीतच अडकलेले. ‘होतकरू विद्यार्थी’ असे लिहू नका, त्यावरून दरवर्षी वाद. ‘दहावीत गणितात सर्वाधिक गुण, बरोबरी झाल्यास वाटून’ असे लिहून द्या.

घाटी: नावाचे अक्षरन् अक्षर घरच्यांकडून लिहून घ्या. बाप्तिस्म्याचे नाव एक, गावात हाक वेगळी, आणि डिसोझा की डिसौझा हे कोरल्यावर बदलत नाही. महिन्याच्या मिसेसाठी (मृतासाठी चर्चमधली प्रार्थना) पाद्रींकडे आजच नाव नोंदवा, रविवार लवकर भरतात. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो, शाळेची मुले तेव्हा कबरीवर फुले ठेवू शकतील.

पडवी: व्हरांडा ठरला. ८ मिमी दांड्याला भिंतीत भोक केवढे?

चिरेबंदी: जाळीच्या नळीच्या पाकिटावर माप छापलेले असते, तेच घ्या. दांडा हळूहळू फिरवत आत सारा. रेझिन पुरते कडक होईपर्यंत फलक टांगू नका.